पडद्यावरचे मौन : क्वेकर समाजाची बदललेली उपासना

२०२० च्या मार्च महिन्यात जगभरातील प्रार्थनास्थळांची दारे एकापाठोपाठ एक बंद झाली. सामूहिक प्रार्थना, प्रवचने, सणासमारंभांची भोजने, सारे थांबले. प्रत्येक धर्मसमाजापुढे त्या दिवसांत आपापला प्रश्न उभा राहिला. कोणाला पुरोहिताविना विधी कसा व्हावा ही चिंता, तर कोणाला भाविकांविना उत्सव कसा व्हावा ही. ख्रिस्ती धर्मातील एका लहानशा पंथापुढचा प्रश्न मात्र आगळा होता. या पंथाच्या पारंपरिक उपासनेत पुरोहित नाही, वेदी नाही, मूर्ती नाही, भजन नाही. पवित्र भाकरी व द्राक्षरसाचा विधीही नाही. ठरलेल्या वेळी माणसे एकत्र येतात आणि तासभर मौन धरून बसतात, एवढीच त्यांची उपासना. असे मौन संगणकाच्या पडद्यावरून एका घरातून दुसऱ्या घरात नेता येईल काय, हा तो प्रश्न होता.

हा पंथ म्हणजे क्वेकर. गेल्या काही वर्षांत त्यांनी या प्रश्नाचा जो अनुभव घेतला, तो तंत्रज्ञानाच्या कौतुकापेक्षा वेगळा आणि अधिक विचार करायला लावणारा आहे. उपासना दूरवर नेणे त्यांना अपेक्षेपेक्षा सोपे गेले. उपासनेभोवती उभा असलेला समाज दूरवर नेणे मात्र कठीण गेले. या दोहोंतील अंतर कोठे पडते, हे समजून घेण्यासाठी आधी या समाजाची घडण पाहावी लागते.

शपथ न घेणारे व्यापारी

या पंथाचे अधिकृत नाव ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’, म्हणजे मित्रांचा धर्मसमाज. सतराव्या शतकात इंग्लंड यादवी युद्धाने ढवळून निघाले असताना जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) हा विणकराचा मुलगा गावोगाव फिरून सांगू लागला की, ईश्वराचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या अंतरात आहे आणि त्या प्रकाशापर्यंत पोहोचण्यास कोणा मध्यस्थाची गरज नाही. १६५२ साली उत्तर इंग्लंडमधील पेंडल टेकडीवर त्याला झालेल्या दर्शनापासून आणि त्यानंतरच्या मोठ्या सभांपासून या चळवळीचा विस्तार मानला जातो. उपासनेच्या वेळी भावावेगाने थरथरणारे म्हणून लोकांनी त्यांना ‘क्वेकर’ असे हिणवले. पुढे तेच नाव रूढ झाले. चर्चच्या इमारतीला फॉक्स ‘मनोऱ्याचे घर’ म्हणत असे. त्याच्या मते खरे चर्च म्हणजे माणसे. दगडविटांना पावित्र्य नाही.

माणसाने सदैव खरेच बोलावे, मग शपथेवर खरे आणि एरवी निराळे असा भेद कशाला, या विचाराने क्वेकर शपथ घेण्यास नकार देत. त्यामुळे सरकारी पदे आणि विद्यापीठे त्यांना दीर्घकाळ बंद राहिली. साहजिकच ही मंडळी व्यापाराकडे वळली. घासाघीस ही असत्याचीच एक रीत आहे असे मानून त्यांनी एकच भाव सांगण्याची प्रथा पाळली. प्रारंभी गिऱ्हाइके बिथरली. पण लहान मूल दुकानात पाठवले तरी फसवणूक होत नाही, हे ध्यानात आल्यावर तीच गिऱ्हाइके परत आली, अशी नोंद फॉक्सने आपल्या आत्मवृत्तात केली आहे. पुढे बार्कलेज बँकेचा पाया ठरलेली जॉन फ्रीम व टॉमस गूल्ड यांची पेढी १६९० साली लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवर उभी राहिली. लॉइड्स बँकेचा उगम असलेली पेढी १७६५ साली बर्मिंगहॅममध्ये निघाली, तिच्या संस्थापकांपैकी सॅम्पसन लॉइड हा क्वेकर होता. कॅडबरी, फ्राय व राउंट्री ही चॉकलेट-कोकोची घराणी आणि क्लार्क्स हे पादत्राणांचे घराणे याच समाजातले.

या पतीच्या मागे एक यंत्रणा होती. सभेतील प्रत्येकाला सभा ओळखत असे. कोणी ऐपतीबाहेर उधारी करू लागला, तर ज्येष्ठ मंडळी त्याच्या घरी जाऊन विचारणा करीत. एखाद्याचे दिवाळे निघाले, तर समिती हिशेबाची वही तपासे आणि धनकोंवर अन्याय झाला असे आढळले, तर त्या सदस्याला समाजातून वगळले जाई. तुरुंगसुधारणेसाठी जगप्रसिद्ध झालेल्या एलिझाबेथ फ्राय यांच्या पतीची पेढी १८२८ मध्ये बुडाली, तेव्हा त्यांनाही हा निर्णय चुकला नाही. काळाच्या ओघात ही कठोर प्रथा मागे पडली. पण तिच्या मुळाशी असलेली कल्पना टिकून राहिली. एकत्र उपासना करणाऱ्यांनी एकमेकांच्या जीवनाचीही जबाबदारी घ्यावी, ही ती कल्पना. ऑनलाइन सभांनी जो प्रश्न उभा केला आहे, तो नेमका येथे येऊन भिडतो.

एक तासाची मौन सभा

क्वेकरांची पारंपरिक उपासना सभा रविवारी सकाळी साध्या सभागृहात भरते. हर्टफर्ड येथील १६७० चे आणि लंडनजवळील जॉर्डन्स येथील १६८८ चे सभागृह आजही पाहता येते. पांढऱ्या भिंती, लाकडी बाके, बहुधा मधोमध एक टेबल, एवढीच तेथील सजावट. पहिला माणूस येऊन शांत बसला की सभा सुरू झाली. त्या मौनात एखाद्याला आतून प्रेरणा झाली, तर तो उभा राहून चार वाक्ये बोलतो आणि बसतो. त्यावर चर्चा होत नाही, उत्तर दिले जात नाही. बोललेले शब्द पुन्हा मौनात मुरतात. कधी तासभरात पाच जण बोलतात, कधी कोणीच बोलत नाही. शेवटी नेमलेले दोन ज्येष्ठ हस्तांदोलन करतात, मग सारे शेजाऱ्याचा हात हातात घेतात आणि सभा संपते. त्यानंतर चहा असतो.

हे मौन प्रत्येकाने आपापले ध्यान करावे यासाठी नसते. क्वेकरांच्या बोलीत ‘एकवटलेली सभा’ असा एक शब्दप्रयोग आहे. काही वेळा वेगवेगळी बसलेली माणसे जणू एकाच खोल शांततेत उतरतात, असा त्यांचा अनुभव आहे आणि उपासनेचे सार्थक ते त्यात मानतात. एकट्याने केलेले ध्यान कितीही उत्तम असले, तरी ते सभेची जागा घेऊ शकत नाही, अशी त्यांची धारणा आहे. म्हणून २०२० मधील शंका वरवरची नव्हती. वाटून घ्यायला प्रसाद नव्हता, तेव्हा बाहेरची अडचण काहीच नव्हती. पण एकमेकांचे सान्निध्य हाच ज्यांचा एकमेव विधी, त्यांच्याकडून टाळेबंदीने तेच काढून घेतले होते.

येथे एक गोष्ट नमूद करणे योग्य ठरेल. जगात सुमारे चार लाख क्वेकर आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठा समूह केनियात आहे. केनियासह अनेक देशांतील क्वेकरांच्या उपासनेत पाद्री असतात, प्रवचन असते, गायन असते. त्यांचा ऑनलाइन अनुभव इतर चर्चच्या अनुभवाशी अधिक जुळणारा आहे. मौन सभेची परंपरा प्रामुख्याने ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेच्या काही भागांत टिकून आहे. या लेखाचा विषय तीच परंपरा आहे.

चौकोनांतील चेहरे

टाळेबंदी जाहीर होताच बहुतेक सभा काही आठवड्यांतच झूमवर आल्या. अनुभव अगदीच नवा होता असे नाही. बर्मिंगहॅममधील वुडब्रुक या क्वेकर अध्ययनकेंद्राने त्यापूर्वीच ऑनलाइन उपासना सुरू केलेली होती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील पेंडल हिल या केंद्रात रोज सकाळी मौन उपासनेची जुनी प्रथा होती. ती २०२० पासून ऑनलाइन झाली आणि जगभरचे लोक तिला बसू लागले. तेथे सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा भारतात उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा आणि हिवाळ्यात सात वाजलेले असतात. एकाची सकाळ आणि दुसऱ्याची सांजवेळ एकाच मौनात मिसळू लागली.

प्रारंभीच्या अडचणी साध्या पण बोलक्या होत्या. झूमची विनामूल्य सभा चाळीस मिनिटांत संपते आणि क्वेकरांची उपासना तासाची असते; म्हणून पाच-सात जणांच्या सभेलाही वर्गणी भरावी लागली. त्याहून मोठी अडचण अशी की, ही सारी यंत्रणा बोलणाऱ्यांसाठी बनवलेली आहे. जो आवाज करील त्याचे चित्र ती मोठे करते. कोणी खोकले की पडद्यावर तोच झळकतो. सर्व जण गप्प असले, तर नवख्याला आपला ध्वनी बिघडला असे वाटते. म्हणून सभांनी आपले नियम केले. ध्वनी बंद ठेवावा, सर्व चेहरे एकत्र दिसतील अशी मांडणी निवडावी, स्वतःचे चित्र स्वतःला दिसू नये अशी सोय करावी, उपासनेच्या वेळी लेखी संदेश पाठवू नयेत. पूर्वी सभागृहाच्या दाराशी एक जण येणाऱ्याचे स्वागत करीत उभा असे. आता त्याच कामासाठी एक जण संगणकापाशी बसून आलेल्यांना आत घेऊ लागला आणि खोडसाळ घुसखोरांना बाहेर ठेवू लागला.

बोलण्याच्या रीतीतही फरक पडला. सभागृहात माणूस उभा राहतो, क्षणभर थांबतो आणि बोलतो. पडद्यावर बोलण्याआधी ध्वनीची कळ दाबावी लागते. काहींना ही कळ आडकाठी वाटली. प्रेरणेचा क्षण ती शोधण्यातच निघून जातो, असे ते म्हणत. इतरांना ती उपकारक वाटली. हे शब्द खरोखर सभेसाठी आहेत की केवळ आपल्याला बोलावेसे वाटते म्हणून, हे तपासून पाहण्यास तेवढा अवकाश मिळतो, असा त्यांचा अनुभव होता. पुष्कळांनी एक गोष्ट मात्र आश्चर्याने मान्य केली. एकवटलेल्या सभेचा अनुभव पडद्यावरही येतो. दर वेळी येत नाही. पण दर वेळी तर तो सभागृहातही येत नसे.

ज्यांना दार उघडले

ऑनलाइन सभेचा सर्वांत मोठा लाभ कोणाला झाला, हे पाहिले की या बदलाचे मोल कळते. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, चाकांच्या खुर्चीवरचे लोक, आजारी जोडीदाराला सोडून घराबाहेर पडता न येणारी माणसे, जवळच्या सभागृहापासून दूर खेड्यात राहणारी कुटुंबे या सर्वांसाठी टाळेबंदीने दार बंद केले नाही, उलट पहिल्यांदा उघडले. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना मोठ्या सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला कोणी हळू आवाजात बोलले तर काहीच कळत नसे. आता तेच शब्द कानाशी येऊ लागले आणि पडद्यावर अक्षरांत वाचताही येऊ लागले. अनोळखी इमारतीत एकट्याने पाऊल टाकण्यास बिचकणारा जिज्ञासू घरबसल्या एक तास बसून पाहू शकला.

या लाभाचा अर्थ भारताच्या संदर्भात विशेष कळतो. भारतात क्वेकर फार थोडे आणि विखुरलेले आहेत. मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आताचे नर्मदापुरम, आणि बुंदेलखंड येथे त्यांचे जुने कार्य आहे. महाराष्ट्राशी त्यांचा जिव्हाळ्याचा दुवा म्हणजे मार्जोरी साइक्स (१९०५–१९९५). या इंग्रज शिक्षिका १९२८ मध्ये मद्रासला आल्या, शांतिनिकेतनात राहिल्या आणि पुढे वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये नई तालीमच्या कार्यात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. भारतातील क्वेकरांचा इतिहासही त्यांनी लिहिला. त्यांच्या काळी दूरदूर राहणाऱ्या मित्रांना जोडणारे साधन म्हणजे टपाल आणि आगगाडी. आज अशा एकट्या मित्राला रोज एखाद्या सभेत बसता येते. गांधीजींचा आणि रवींद्रनाथांचा ज्या वुडब्रुकशी संबंध आला, त्या केंद्राच्या वर्गातही त्याला घरूनच बसता येते. रवींद्रनाथ १९३० मध्ये तेथे राहिले होते आणि गांधीजींनी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या काळात त्याला भेट दिली होती.

मतदानाविना निर्णय

क्वेकरांच्या कामकाजाची सभा हाही उपासनेचाच भाग मानला जातो. तिच्यात मतदान नसते. बहुमताने अल्पमताला हरवणे म्हणजे निर्णय, हे त्यांना मान्य नाही. सभेची धुरा सांभाळणाऱ्यास ‘क्लार्क’ म्हणतात. पण त्याचे काम कारकुनाचे नसून सभेची दिशा ओळखण्याचे असते. लोक एकेक करून, मध्ये थांबत बोलतात. सभेचा कल स्पष्ट झाला असे वाटले की क्लार्क तेथेच ठरावाचे शब्द लिहितो, वाचून दाखवतो आणि सर्वांची संमती मिळाली की ते शब्द कायम होतात. नंतर कोणी घरी बसून इतिवृत्त तयार करीत नाही. कल स्पष्ट नसेल, तर विषय पुढे ढकलला जातो, मग वर्ष लागो की दोन वर्षे.

ही रीत पडद्यावर कशी चालावी याची अनेकांना धास्ती होती; पण काही बाबतींत ती उलट सुकर झाली. ठरावाचा मसुदा सर्वांना डोळ्यांसमोर वाचता येऊ लागला. स्कॉटलंड, वेल्स वा कॉर्नवॉलहून लंडनला जाण्यायेण्यात दोन दिवस घालवणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांना राष्ट्रीय समित्यांवर काम करता येऊ लागले. १६७० च्या दशकात क्वेकरांवरील छळाची नोंद ठेवण्यासाठी ‘मीटिंग फॉर सफरिंग्ज’ हे प्रतिनिधी मंडळ स्थापन झाले होते. तेही या काळात ऑनलाइन भरले. ब्रिटनमधील क्वेकरांचे वार्षिक अधिवेशन २०२१ मध्ये संपूर्णपणे ऑनलाइन झाले. २०११ मध्ये कँटरबरी येथील अधिवेशनात ब्रिटिश क्वेकरांनी आपल्या समाजाचा कार्बनभार कमी करण्याचा संकल्प केला होता. त्या दृष्टीने वाचलेला प्रवासही जमेच्याच बाजूला गेला.

मात्र याच सभांमध्ये एक उणीव जाणवली. कठीण विषयावर मतभेद झाले की पूर्वी मध्यंतरात, चहाच्या रांगेत, व्हरांड्यात दोन माणसे एकमेकांना गाठून बोलत आणि अर्धा कडवटपणा तेथेच विरत असे. ऑनलाइन सभा संपली की पडदा एकदम काळा होतो. मनातले शल्य घेऊन प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा उरतो.

जे पडद्यावर आले नाही

सभागृहातले मौन निःशब्द असते, पण निर्ध्वनी नसते. घड्याळाची टिकटिक, कोणाचा उसासा, पावसाचा आवाज, बाहेरून जाणारी गाडी, हे सारे सर्वजण एकाच वेळी ऐकतात आणि त्यातूनच हे आपले मौन आहे अशी जाणीव होते. पडद्यावर प्रत्येकाचा ध्वनी बंद असतो. प्रत्येक जण आपल्या घरातली शांतता ऐकतो. मौन एकाच वेळचे असते, पण एकाच जागेचे नसते. शेवटच्या हस्तांदोलनाची जागा हात हलवण्याने घेतली. एकटे राहणाऱ्या कित्येक वृद्धांच्या आठवड्यातला तो एकमेव मानवी स्पर्श होता.

मुलांचे नुकसान अधिक झाले. ब्रिटनमधील सभांत मुले सहसा पंधराएक मिनिटे मोठ्यांबरोबर मौनात बसतात आणि उरलेला वेळ त्यांची वेगळी सभा असते. मोठ्यांच्या शेजारी बसून, त्यांना पाहून मुले मौन शिकतात. दिवसभर पडद्यावर शाळा केलेल्या मुलांना रविवारी पुन्हा पडद्यासमोर बसवणे अवघड होते.

विवाहाचे उदाहरण तर फार बोलके आहे. इंग्लंडमध्ये १७५३ च्या विवाह कायद्याने क्वेकरांना आणि ज्यूंना आपापल्या रीतीने विवाह करण्याची मोकळीक ठेवली होती. क्वेकर विवाहात पुरोहित नसतो. वधू-वर मौन सभेत उभे राहून एकमेकांना वचन देतात आणि उपस्थित असलेला प्रत्येक जण, लहान मुलांसकट, विवाहपत्रावर सही करतो. ही सही शोभेची नसते. हा संसार टिकवण्यास मी साक्षी आहे, असे त्यातून प्रत्येक जण मान्य करतो. दूरदेशीच्या आप्ताला पडद्यावरून तो सोहळा पाहता येतो, आणि हे सुख लहान नाही. पण त्या कागदापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

आणि भेटीगाठी? पूर्वी सलग दोन रविवार कोणी दिसले नाही की तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दाराशी जाई. आजारी घरी जेवणाचा डबा पोहोचे. ऑनलाइन सभेतून एखादा चौकोन नाहीसा झाला, तर तो आजारी आहे, दुसऱ्या सभेत गेला आहे की त्याचे इंटरनेट बंद आहे, हे कळण्यास मार्ग नसतो. कळले, तरी पाचशे मैलांवरून डबा नेता येत नाही.

परतल्यानंतरची अडचण

४ जुलै २०२० पासून इंग्लंडमध्ये सामूहिक उपासनेस पुन्हा परवानगी मिळाली आणि हळूहळू सभागृहे उघडू लागली. तेव्हा खरा पेच उभा राहिला. सभागृहात परतण्यास आतुर असलेले आणि पडद्याविना सभेस येऊच न शकणारे, दोघेही त्याच सभेचे सदस्य होते. पडदा बंद करावा, तर नुकतेच आत आलेले पुन्हा बाहेर राहतात. म्हणून पुष्कळ सभांनी मिश्र पद्धत स्वीकारली. वर्तुळात बाकांच्या जोडीला एक पडदा आणि कॅमेरा मांडला. आता सभागृहातील माणसाला कॅमेऱ्याची नजर खुपते, तर घरी बसलेल्याला आपण खिडकीतून डोकावणारे पाहुणे आहोत असे वाटते. सभागृहात कोणी हळू बोलले की पडद्यापलीकडे ऐकू जात नाही. यंत्रे सांभाळणाऱ्याला तर त्या तासात उपासना करताच येत नाही. काही सभांनी यावर वेगळा तोडगा काढला. रविवारची सभा सभागृहात आणि आठवड्यातील एक सभा केवळ ऑनलाइन, म्हणजे दोन्हीकडे सर्व समान.

यामागे पैशाचाही विचार आहे. ब्रिटनमधील क्वेकरांची सदस्यसंख्या गेली अनेक दशके घटत आहे. सभागृहे मात्र जुनी आणि त्यांची निगा खर्चिक. अनेक सभागृहांचा खर्च खोल्या भाड्याने देऊन भागत असे, आणि टाळेबंदीत ते उत्पन्न आटले. वुडब्रुकची गोष्ट या बाबतीत डोळे उघडणारी आहे. जॉर्ज कॅडबरी यांच्या पूर्वीच्या निवासस्थानी १९०३ मध्ये सुरू झालेले हे केंद्र १२० वर्षांनी, २०२३ मध्ये, आपल्या वास्तूतून बाहेर पडले. संस्था बंद झाली नाही. तिचे वर्ग ऑनलाइन आणि इतर ठिकाणी चालू राहिले. इमारतीचा भार उतरला आणि शिकणारे दूरदूरचे झाले. पण ज्या घरात लोक आठवडाभर एकत्र राहून शिकत आणि भोजनाच्या टेबलाशी परक्या देशाच्या माणसाशी मैत्री जोडत, ते घर उरले नाही. ताळेबंदात पहिली गोष्ट आकड्यांत दिसते. दुसरीला रकाना नसतो.

सदस्यत्वाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ब्रिटनमध्ये क्वेकर होण्यासाठी आपल्या भागातील सभेकडे अर्ज करावा लागतो. परंपरेप्रमाणे दोन मित्र अर्जदाराच्या भेटीला जातात, मोकळेपणाने बोलतात आणि आपला वृत्तांत सभेला देतात. आता सकाळी एका देशातील आणि संध्याकाळी दुसऱ्या देशातील सभेत बसणारा माणूस नेमका कोणत्या सभेचा? सभागृहाच्या गळक्या छपरासाठी वर्गणी त्याने कोठे द्यावी? तो आजारी पडला तर त्याची विचारपूस कोणत्या सभेने करावी? उपासनेस भौगोलिक सीमा उरली नाही. पण विचारपूस करणाऱ्याला पत्ता लागतोच.

जुना इतिहास, नवा प्रश्न

क्वेकरांच्या इतिहासात दोन्ही बाजूंना आधार सापडतो. फॉक्स प्रवासात असो वा तुरुंगात, तो सभांना सातत्याने पत्रे लिहीत असे. आजही वार्षिक अधिवेशनाच्या शेवटी जगभरच्या मित्रांना उद्देशून एक पत्र लिहिण्याची प्रथा आहे. दुरून जोडलेले राहणे त्यांना परके नाही. दुसरीकडे १६६४ च्या कायद्याने सरकारी चर्चबाहेरच्या सभांना बंदी झाली, तेव्हा इतर काही पंथ गुप्तपणे जमत. क्वेकर मात्र उघडपणे, ठरलेल्या जागी जमत राहिले. १६७० मध्ये लंडनमधील त्यांची काही सभागृहे पाडण्यात आली, तर त्यांनी ढिगाऱ्यावर बसून मौन सभा घेतली. १६८२ मध्ये ब्रिस्टलला मोठी माणसे तुरुंगात डांबली गेली, तेव्हा मुलांनी सभा चालू ठेवली. इमारत पवित्र नाही म्हणणाऱ्या या लोकांनी प्रत्यक्ष उपस्थितीसाठी केवढी किंमत मोजली, हे त्यातून दिसते.

ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील व्हँडरबायलपार्क येथे क्वेकरांचे जागतिक संमेलन भरले, तेव्हा प्रत्यक्ष येणाऱ्यांबरोबर ऑनलाइन सहभागाचीही सोय होती. आता कोणी पूर्वस्थितीला परतण्याची भाषा करीत नाही. कोणत्या कामाला पडदा पुरेसा आहे आणि कोणत्या कामाला माणूस प्रत्यक्ष हवा, याची वाटणी सभा आपापल्या पद्धतीने, मतदान न करता, सावकाश ठरवीत आहेत. मौन, अध्ययन, समित्यांचे कामकाज, दूरच्या मित्रांशी संपर्क ही कामे पडदा चांगली करतो. मुलांवरचे संस्कार, विवाहाची साक्ष, मतभेदानंतरचा समेट आणि आजाऱ्याची शुश्रूषा यांसाठी अजून तरी कोणाला घराबाहेर पडावेच लागते.

म्हणून काही सभांनी ऑनलाइन येणाऱ्यांच्या बाबतीत जुनीच रीत नव्याने लावली आहे. अशा प्रत्येकाची विचारपूस कोणी करायची हे नेमून ठेवायचे, त्याच्याशी उपासनेबाहेरही दूरध्वनीवर बोलायचे आणि त्याच्या घराजवळ एखादा मित्र राहत असेल, तर दोघांची गाठ घालून द्यायची. तीनशे वर्षांपूर्वी हिशेबाची वही तपासायला येणारे ज्येष्ठ आणि आज अनुपस्थित सदस्याला दूरध्वनी करणारी स्त्री, दोघांचे काम एकच आहे. जेथे ते काम कोणीतरी अंगावर घेतले आहे, तेथे ऑनलाइन सभा हा समाज राहिला आहे.